आमच्या सगळ्यांची शुगर

नदीकाठी फिरून घरी आलं, की पायजम्याला कुसळं चिकटलेली असतात. चालताना कळत नाही. ओट्यावर टेकलं की टोचायला लागतात, मग एकेक काढत बसायचं. आमच्या ग्रुपचे किस्से असेच जमले. जमवायला कोणी गेलं नव्हतं.

मी बोलायला हळू. शाळा चौथीपर्यंत, पुढे सगळी हयात जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी हलवण्यात गेली. ग्रुपमध्ये बाकीचे बोलतात, मी ऐकतो. त्यामुळे बहुतेक कुसळं माझ्याच पायजम्याला!

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मला सगळे आबा म्हणतात. दुसरी सिंधूअक्का, तिची मुलगी आजारी आहे. तिसरे पाटील सर, रिटायर मास्तर, त्यांचा धाकटा भाऊ. चौथा भिकनभाऊ रिक्षावाला, त्याची बायको. आणि माझ्या घरी माझा मुलगा, संजू. चाळिशीला आला. चारही घरांत आजार एकच. त्याचं नाव लांबलचक आहे. ते पुढे येईलच, कारण बरेच दिवस ते आमच्या तोंडातून बाहेरच पडलं नाही.

संजूची आई गेल्यापासून आम्ही बापलेक धुळ्याला देवपुरात एका खोलीत राहतो. आमचं गाव पारोळ्याकडे. गावात सगळ्यांना माहीत आहे, की संजू सुरतला कंपनीत आहे आणि त्याचं मस्त चाललंय. हे त्यांना मीच सांगितलं. विचारलं की अजूनही सांगतो. पण गावातलं कोणी ना कोणी धुळ्याला येतच असतं. कोणी दवाखान्यात, कोणी पोराच्या कॉलेजात, कोणी लग्नाच्या खरेदीला. ओळखीची मोटरसायकल दिसली, की मी खाली वाकून चपलेचा अंगठा बघतो. चप्पल धड असते!

*

दवाखान्यात महिन्यातून एकदा नातेवाइकांची मीटिंग असते. पेशंट बाहेर बाकावर, आम्ही आत खुर्चीवर. तिथल्या मॅडमनी एकदा विचारलं, "तुम्ही स्वतःसाठी काय करता?"

पंखा तेवढा बोलत होता.

शेवटी सिंधूअक्का म्हणाली, "आंघोळ करते."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही सगळे घरात राखण करत बसता. बीपी वाढलंय, गुडघे धरलेत, झोप नाही. तुम्हीच आजारी पडलात तर त्यांना कोण बघेल? रोज सकाळी चालायला जा. जरा घाम येईल असं चाला."

"मी तर दिवसभर फिरतोच ना मॅडम," भिकनभाऊ म्हणाला.

"रिक्षात बसून!"

"बसतो मी. पण ती फिरते ना!"

*

चालायला कोणाची ना नव्हती. दिसायला होती.

ज्याच्या घरात असं माणूस आहे, त्याने सकाळी उठून हात हलवत मोकळ्या हवेत फिरायचं? लोक काय म्हणतील ते नंतर. आधी आपल्यालाच कसंतरी होतं. घरात लेकरू गोळीच्या गुंगीत पडलेलं, आणि बाप नदीवर छाती भरून श्वास घेतोय!

म्हणून पहिल्या दिवशी मी दुधाची किटली घेऊन निघालो. कोणी विचारलं तर दुधाला चाललोय. पांझरा नदीच्या पुलाजवळ पोचलो, तर समोरून सिंधूअक्का फुलांची परडी घेऊन येत होती. मागून भिकनभाऊ, हातात दोरी. विचारलं, "हे काय?" तर म्हणाला, "बकरी हरवली, असं सांगायचं ठरवलंय." त्याच्याकडे बकरी कधीच नव्हती.

सगळ्यात शेवटी पाटील सर आले. उघडी छत्री घेऊन! वर ढगाचा पत्ता नाही, ऊन अजून निघालेलं नाही.

"सर, छत्री कशाला?" अक्काने विचारलं.

सर इकडेतिकडे बघून म्हणाले, "तोंड झाकायला."

*

दुधाची किटली किती दिवस चालणार? एके दिवशी पुलाजवळच्या चहावाल्याने हटकलंच. "काय भाऊ, रोज कोठे चालनात बठ्ठा?" बठ्ठा म्हणजे आमच्या अहिराणीत सगळे.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. पाटील सरांनी छत्री खाली घेतली. तेवढ्यात भिकनभाऊ बोलून गेला, "शुगर शे! बठ्ठासले शुगर शे! डॉक्टरने चालायला सांगितलंय."

चहावाल्याने मान डोलावली. "मग बरं शे, चाला चाला!" म्हणाला. वर आम्हाला बिनसाखरेचा चहा पाजला!

तेव्हा आम्हाला कळलं, की शुगर हा किती इज्जतदार आजार आहे. शुगर आहे म्हटलं की लोक खुर्ची देतात. मोठ्यामोठ्या लोकांना असते. कोणी दोन पावलं मागे सरकत नाही, कोणी आपल्या पोरांना आत बोलावून घेत नाही. त्या दिवसापासून किटली, परडी, दोरी, सगळं घरी राहिलं. आम्ही उघडपणे चालायला लागलो. शुगरवाले म्हणून!

*

हळूहळू शुगर हा आमचा परवलीचा शब्दच झाला. रस्त्यात लोक असतात, घरातलं उघड बोलता येत नाही. मग "शुगर कशी आहे?" असं विचारायचं. समोरच्याने काय ते समजायचं.

एकदा एक रिटायर बँकवाले साहेब फिरता फिरता आमच्या मागे लागले. शुगर त्यांना खरोखरची होती. आम्हाला ते मागे आहेत हे माहीतच नव्हतं.

"अक्का, शुगर कशी आहे?" सरांनी विचारलं.

"काल चिडली होती. ताट फेकलं. भिंतीवर वरणाचा हा एवढा नकाशा!"

"माझी शुगर ठीक आहे," सर म्हणाले. "काल आपणहून दाढी केली."

भिकनभाऊ म्हणाला, "माझी दुपारी घराच्या धाब्यावर चढून बसली होती. खाली यायलाच तयार नाही. शेवटी हाताला धरून आणली."

मागून आवाज आला, "माफ करा हं, तुम्ही इन्सुलिन घेता की गोळी?"

आम्ही जागच्या जागी थिजलो. भिकनभाऊ मात्र मागे न बघता म्हणाला, "गोळीच. पण भाकरीत लपवून द्यावी लागते!"

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी रस्ता बदलला.

*

आता ते लांबलचक नाव. स्किझोफ्रेनिया. लिहायला सरांनी शिकवलं म्हणून लिहिता येतं. म्हणायला गेलो तर माझं "स्किजोफिनेल" व्हायचं. सिंधूअक्का म्हणायची, "शेवटपर्यंत पोचते तोवर सुरुवात कुठे होती तेच विसरते!" भिकनभाऊ "ते डॉक्टर म्हणतात ते" एवढ्यावर भागवायचा.

पाटील सरांना मात्र स्वच्छ म्हणता यायचं. चाळीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. पण हा शब्द आला की तोंडावर हात! आणि असं पुटपुटायचे, की शेजारी बसून आम्हाला ऐकू येत नसे.

मॅडम म्हणाल्या, "तुम्हीच लाजलात तर पेशंटने काय करायचं? नदीवर कोणी नसतं ना? तिथे मोठ्याने म्हणून बघा."

सरांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी ते पाण्याजवळ उतरले. आम्ही वरती काठावर उभे. सरांनी पुढे बघितलं, मागे बघितलं, चष्मा पुसला, आणि सगळा जोर लावून शब्द म्हणाले. पांझरेत घुमला!

पाण्यात एक म्हैस बसली होती. तिने मान वर केली आणि सरांकडे टक लावून बघायला लागली.

सर घाईघाईने वर आले. धाप लागलेली, कान लाल. हळूच म्हणाले, "कोणाची आहे हो ही म्हैस?"

*

शुगरचा त्रास पहिल्यांदा अक्काला झाला. तिच्या भाच्याचं लग्न होतं पारोळ्याला. अक्का जिलेबीवर जीव टाकणारी. पंगतीत वाढपी जिलेबीचं ताट घेऊन आला, तसा तिच्या भावजयीने लांबूनच आरडाओरडा केला, "अक्काले नको रे! अक्काले शुगर शे!"

वाढपी पुढे गेला. शेजारची बाई म्हणाली, "अरे अरे, या वयात!" पलीकडच्या दोघीतिघींनी मेथीचं पाणी सांगितलं, जांभळाच्या बिया सांगितल्या. अक्का मान खाली घालून वरणबट्टी खात बसली.

पंगत उठल्यावर ती आचाऱ्याच्या मागे गेली, पदराखाली जिलेबी घेतली आणि मंडपाच्या कनातीआड उभी राहिली. पहिला घास घेणार, तोच भावजय दत्त म्हणून उभी!

"अक्का! जीव देशी का?"

मुलीला कुठे ठेवून आलीस, ती का आली नाही, हे त्या लग्नात अक्काला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं नाही म्हणून ती सकाळपासून सुटकेचा निश्वास टाकत होती. आणि तेच तिला आतून खातही होतं. हे तिने आम्हाला नदीवर चालता चालता सांगितलं.

"मला वाटलं, सांगून टाकावं. म्हणावं, मला शुगरबिगर काही नाही. माझ्या पोरीला तो आजार आहे, म्हणून मी सकाळी चालते. खरंच सांगणार होते. तोंड उघडलं सुद्धा!"

"मग?" आम्ही थांबलो.

"मग काय! उघडलंच होतं, म्हणून जिलेबी टाकली."

*

भिकनभाऊच्या बायकोला आवाज ऐकू येतात. कोणी शिव्या देतं, कोणी हुकूम सोडतं. भिकनभाऊ तिला रोज समजावतो, "कोणी नाही गं, तुला भास होतोय."

चालायला लागल्यापासून आम्ही सकाळी हसायला लागलो होतो. मुद्दाम नाही. चौघं जमलो की होऊन जायचं. भिकनभाऊचं हसणं तर असं, की पुलावरचे लोक थांबून खाली बघायचे.

एके दिवशी त्याची बायको त्याला म्हणाली, "तू रोज सकाळी नदीवर हासस ना? माले ऐकू येस."

त्याचं घर पार आग्रा रोडच्या पलीकडे! तिथून नदीवरचं हसणं ऐकू येणं शक्यच नाही. पण तो "भास आहे" असं म्हणू शकला नाही. पाणी पितो सांगून आत गेला.

आम्हाला सांगताना म्हणाला, "इतक्या वर्षांत तिचा एक आवाज खरा निघाला, आणि तो माझाच निघाला!"

त्यावर आम्हाला खूप हसू आलं. पण त्या दिवसापासून काही दिवस आम्ही तोंडावर रुमाल धरून हसायचो.

*

हा किस्सा सांगायला जीभ जड होते, पण तोही आमचाच.

एकदा आभाळ भरून आलं आणि अक्का एकदम थांबली. म्हणाली, "मी कडी नीट लावली का, आठवत नाही."

"कसली कडी?" सरांनी विचारलं.

"दाराची. बाहेरून."

आम्ही परत चालायला लागलो, चपला वाजायला लागल्या. मग सर म्हणाले, "मी तर कुलूप लावतो."

मी म्हणालो, "मी पण कडी." तेवढंच मला बोलता आलं. संजू गोळीने उशिरापर्यंत झोपतो. उठेपर्यंत मी परत येतो, त्याला कळतही नाही, असं मी मनाला सांगायचो.

"भिकन, तू?" अक्काने विचारलं.

"मी नाही लावत."

आम्ही तिघं जमिनीकडे बघायला लागलो.

"ती लावते," भिकनभाऊ म्हणाला. "आतून! मी गेलो की लगेच. परत येऊ नये म्हणून."

*

संजूला माझी शुगर कळली ती शेजाऱ्यांकडून. एका सकाळी मी फिरून आलो, तर तो उठून बसला होता. त्याने चहा केलेला. त्याने चहा करावा म्हणून मी किती वर्षं वाट बघितली होती! घोट घेतला, तर साखर नाही.

"संजू, साखर विसरलास."

"नही विसरनू. तुले शुगर शे ना."

साखरेचा डबा शोधला, तर फळीवर नाही. त्याने लपवला होता. कुठे ते अजूनही सांगत नाही.

मी त्याला जवळ बसवलं. म्हटलं, "बाळा, मला शुगर नाही. ते आम्ही लोकांना उगाच सांगतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. मॅडम त्याच्याकडे बघतात, तसं. म्हणाला, "पहिले बठ्ठाच नही म्हनतस, आबा."

संध्याकाळी मी त्याला गोळी दिली. त्याने घेतली. रोजच्या सवयीने मी म्हणालो, "जीभ वर कर." गोळी गिळली का, हे मी रोज बघतो. त्याने जीभ वर केली. मग म्हणाला, "आते तुनी."

गुडघ्यासाठी डॉक्टरांनी मला कॅल्शियमची गोळी दिलेली. ती काढली, पाण्याबरोबर घेतली. तो वाकून उभा होता.

मी जीभ वर केली. म्हाताऱ्या माणसाला जीभ वर करून उभं राहताना कसं वाटतं, ते त्या दिवशी कळलं. आता रोज कळतं!

*

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी मला जाग आली तर संजूचं अंथरूण रिकामं. दार ओढलं, उघडेना. बाहेरून कडी!

मी दार वाजवलं. "संजू! संजू!" गल्लीत सगळीकडे शांत. खिडकीशी गेलो, दाराशी आलो, परत खिडकीशी. कोणाला हाक मारू? हाक मारली तर काय सांगू? पोराने मला कोंडलं म्हणून? मग ते विचारतील, रोज तू काय करतोस?

शेवटी दाराला पाठ लावून खाली बसलो. कडी लागलेल्या खोलीत त्या बाजूने मी पहिल्यांदाच बसलो होतो.

बऱ्याच वेळाने कडी वाजली. संजू आत आला. घामाघूम, हातात पिशवी. पिशवीत नुसती कारली!

"शुगरले चांगला ऱ्हातस," म्हणाला.

"आणि कडी कशाला लावली रे?"

तो मला समजावल्यासारखा हळू आवाजात म्हणाला, "तू उठीसन बाहेर गया, चक्कर उनी, पडना, मंग?"

मी त्या दिवशी कारल्याची भाजी केली. दोघांनी खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी दाराशी उभा राहिलो, कडीकडे बघितलं आणि आत हाक मारली, "येतोस का?"

तो चप्पल घालूनच बसला होता.

*

संजू यायला लागला तसा आमच्या चालण्याचा वेग कमी झाला. गोळ्यांनी त्याचं अंग जड झालंय, हात थरथरतात. शर्टाचं गळ्याचं बटण लावल्याशिवाय तो निघत नाही. कोणाशी बोलत नाही. माझ्या डाव्या बाजूने चालतो, आणि खड्डा आला की माझा दंड धरतो. खड्डा त्यालाच आधी दिसतो. अक्का त्याला रोज विचारते, "काय संजू, आबा त्रास देतात का?" तो गंभीरपणे सांगतो, "कमी शे."

त्या सकाळी आम्ही पाचजण पुलावरून परत येत होतो. समोरून एक मोटरसायकल आली, पुढे गेली, आणि वळून परत आली. मी चपलेकडे वाकायच्या आत माणूस उतरलासुद्धा. आमच्या गावचा धनराज! भाऊबंदच आमचा. त्याच्या कानात पडलेली गोष्ट जेवणाच्या वेळेपर्यंत सगळ्या गावात पोचते.

"राम राम आबा!" म्हणाला, आणि संजूकडे बघून त्याचे डोळे मोठे झाले. "अरे, हाऊ संजू ना? सुरतथून कव्हय उना रे?"

अक्का पदर नीट करायला लागली. सरांनी सवयीने छत्रीसाठी हात वर केला, पण छत्री घरी होती.

भिकनभाऊ मदतीला धावला. "फिरायला आलोय हो आम्ही सगळे. ते शुगर आहे ना, म्हणून!"

धनराजने संजूला वरपासून खालपर्यंत बघितलं. थरथरणाऱ्या हातांवर त्याची नजर थांबली. "याले बी शुगर? इतला कमी वयमा?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

संजूने माझा दंड धरला. तिथे खड्डा नव्हता.

"नही काका," तो म्हणाला. "माले स्किझोफ्रेनिया शे." एकेक अक्षर स्वच्छ, पुलाच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं. मग तो धनराजच्या कानाशी वाकला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"शुगर आबाले शे. पन आजून मानतस नही. लाजतस."